दिवसा पाडलेली भिंत

वहिनीच्या डोक्यावर घमेलं चढलं ते लग्नाच्या पहिल्याच वर्षी, आणि त्यानंतर ते उतरलं म्हणाल तर जेवायला आणि बाळंतपणाला. नवरा गवंडी. गवंड्याच्या बायकोने माल वाहायचा हे कुणी कधी ठरवलं कुणास ठाऊक, पण ठरलेलं होतं. तो वर उभा राहून थापी चालवणार, ही खाली वाळू-सिमेंट कालवणार, घमेलं भरणार, डोक्यावर चुंबळ ठेवून शिडी चढणार. माल कमी पडला की वरून शिवी यायची. जास्त झाला तर कुणी काही बोलत नसे, म्हणून तिचं घमेलं नेहमी शिगोशीग.

पुढे नवऱ्याची पाठ गेली. तो घरात खुर्ची धरून बसला आणि कामं धाकट्या दिराकडे गेली. हा दीर, त्याला नाक पुसायचं कळत नव्हतं तेव्हापासून तिने पाहिलेला. आता तो मिस्त्री झाला, कानावर पेन्सिल आली, हाताखाली चार माणसं आली. घमेलं मात्र कुठे गेलं नाही, ते हिच्याच डोक्यावर राहिलं. दीर तिला वहिनी म्हणायचा म्हणून बिगारी वहिनी म्हणायला लागले, मग विटांचा ट्रकवाला, मग दवाखान्यातला डॉक्टर. तिच्या तोंडाला सगळेच वचकून असत. ही बाई माल कालवताना नुसती बोलली तरी सिमेंट कमी लागेल, असं ट्रकवाला म्हणायचा, पण ट्रक चालू करून मग म्हणायचा.

त्या उन्हाळ्यात दवाखान्याला दोन खोल्या जोडायच्या ठरल्या, आणि त्या बांधायला परदेशातून पोरं आली. पोरं म्हणजे कॉलेजातली, कुणी नुकती नोकरीला लागलेली, पाच-सहा देशांतली. स्वतःच्या खर्चाने येऊन दुसऱ्याच्या गावात विटा वाहणारी माणसं वहिनीने पहिल्यांदाच पाहिली. "यांच्या गावात भिंती नाहीत का?" असं तिने दिराला विचारलं. तो म्हणाला, "असतील हो वहिनी, पण त्या बांधून झाल्या असतील."

मुक्काम शाळेत होता. बाक बाहेर काढून वर्गांत गाद्या टाकलेल्या, एका वर्गात मुली, एकात मुलगे. खिडक्यांच्या गजांना ओले टॉवेल आणि मोजे. सकाळी न्हाणीघरापुढे दात घासत रांग लागायची आणि त्या रांगेत सगळ्या भाषा एकदमच फेसाळायच्या. स्वयंपाकाच्या आणि भांड्यांच्या पाळ्या लावलेल्या. ज्यांनी घरी कधी चमचा विसळला नसेल ते पातेल्यात डोकं घालून घासणी चालवत बसायचे, आणि बटाटे सोलायला बसले की साल जाड निघायची, बटाटा गोटीएवढा उरायचा. पण रडकी नव्हती. हाताला फोड आले की फोडांचेच फोटो काढायची.

त्यांची नावं वहिनीच्या जिभेवर बसेनात, म्हणून तिने आपली ठेवली. उन्हाने लालभडक झालेला उंच मुलगा तो गाजर. काचांवर सिमेंट उडालं तरी न पुसता काम करणारी ती चष्मेवाली. आणि गळ्यात शिट्टी अडकवून फिरणारा, शिबिराचा प्रमुख, तो शिट्टीवाला. शिट्टीवाला चांगला माणूस होता. सगळ्यांच्या आधी उठायचा, संडास स्वतः धुवायचा. फक्त त्याला सगळं आनंदात व्हायला हवं असे. कुणाचा चेहरा जरा पडलेला दिसला की तो गाणं सुरू करायचा.

कामाला लागण्याआधी रोज सगळे हात धरून गोल उभे राहत. शिट्टीवाला काहीतरी बोलायचा आणि शहरातून आलेली दुभाषी मुलगी ते गवंड्या-बिगाऱ्यांना सांगायची. वहिनी त्या वेळी गोलाच्या बाहेर पहिलं घमेलं कालवत असायची. एकदा तिने त्या मुलीला गाठलंच.

"तो रोज काय म्हणतो गं?"

"म्हणतो, इथे कुणी मालक नाही, कुणी मजूर नाही. सगळ्यांनी मिळून बांधायचं. ज्याला जे काम शिकावंसं वाटेल ते त्याने हातात घ्यायचं."

"रोज हेच म्हणतो?"

"रोज हेच, मावशी. मला झोपेतसुद्धा म्हणता येईल."

वहिनीने फावडं वाळूत रोवलं. समोर चष्मेवालीच्या हातात पिवळ्या मुठीची नवी थापी होती. काल गावात उतरलेली पोर, आज वीट लावत होती. आणि तिला माल कोण पुरवत होतं, तर वहिनी.

हे एवढंच असतं तर कदाचित तिने गिळलं असतं. पण संध्याकाळचं एक काम होतं, ते शिबिरात कुणाला ठाऊक नव्हतं. पोरं दिवसभर वीट लावायची. एक वीट बसली की टाळ्या, थर पुरा झाला की गळामिठ्या. भिंत मात्र दारू प्यायलेल्या माणसासारखी चालायची. मिस्त्री दिवसभर मान हलवून "छान, छान" म्हणायचा. मग पोरं अंघोळीला आणि गाण्यांना शाळेत गेली की हातोडी काढायचा, दिवसाची भिंत उतरवायचा, विटा खरवडून साफ करायचा आणि अंधार पडायच्या आत तीच भिंत पुन्हा सरळ उभी करायचा. सकाळी पोरं येऊन बघायची, आपण किती सुंदर बांधलं म्हणून पुन्हा टाळ्या. यात फसवणूक आहे असं मिस्त्रीला वाटत नव्हतं. पाहुण्याने केलेल्या चहात साखर जास्त पडली तरी आपण पितोच की, असं त्याचं म्हणणं. फक्त या चहाचा माल वहिनीला दोनदा वाहावा लागत होता, एकदा उन्हात त्यांच्यासाठी, एकदा संध्याकाळी दिरासाठी, आणि भिंत एकच.

दुसऱ्या दिवशी गोल जमला तेव्हा तिने डोक्यावरची चुंबळ काढून कमरेला खोचली आणि सरळ गाजर आणि चष्मेवाली यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली. त्यांनी दोन्हीकडून तिचे हात धरले. शिट्टीवाल्याला एवढा आनंद झाला की त्याने फोटो काढला. बोलणं संपलं, थाप्या वाटायला सुरुवात झाली, तसा हिने हात पुढे केला.

दुभाषी मुलगी कानाशी येऊन म्हणाली, "मावशी, ह्या शिबिरार्थींसाठी आहेत."

"शिबिरार्थी कोण?"

"जे स्वतःहून आलेत ते. तरुण. तिशीच्या आतले."

"मीही स्वतःहूनच आलेय, मला घरून कुणी ढकललं नाही. आणि तिशीचं म्हणशील तर ती होती माझ्याकडे, तेव्हा तुम्ही आला नाहीत, यात माझा काय दोष? त्याला विचार, रोज जे म्हणतो त्यात वय कुठे म्हणतो?"

मुलीने विचारलं. शिट्टीवाला तिच्याकडे बघत राहिला. आपल्याच बोलण्यात पाय अडकलेला माणूस जसा बघतो तसा. मग म्हणाला, चालेल, पण स्वयंसेवकाला मजुरी नसते.

"जेवणाच्या सुट्टीआधी मी स्वयंसेवक, नंतर मजूर. अर्धी मजुरी कापा."

तिकडून मिस्त्री आला, कानावरची पेन्सिल उगाच काढून पुन्हा लावत. "अहो वहिनी, माणसं बघतायत."

"बघू देत, भावजी. मी एवढी वर्षं बघूनच शिकलेय."

आणि खरंच तिला तसंच वाटत होतं. एवढ्या वर्षांत किती भिंती डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. माल पसरायचा, वीट दाबायची, मुठीने ठोकायचं, पुढची घ्यायची. त्यात काय आहे? तिने खिडकीखालचा तुकडा घेतला आणि सुरुवात केली. माल स्वतःच कालवलेला, लोण्यासारखा. थापी भरून घेतला आणि पसरला, कमी पडायला नको म्हणून वरून आणखी एक थापी. वीट ठेवली की माल दोन्ही अंगांनी ओघळायचा, ती तो निपटून परत सांध्यात कोंबायची. हात तापला तशी घाई वाढली. बाकीच्यांचे दोन थर होईतो हिचे चार, त्यांचे चार होईतो हिची भिंत कमरेच्या वर. गाजर आपलं काम सोडून बघायला आला. चष्मेवालीने शिट्टीवाल्याला बोलावलं. टाळ्या झाल्या. वहिनीने आजवर कुणाच्या टाळ्या घेतल्या नव्हत्या, घेताना हात कुठे ठेवायचे ते तिला कळेना.

मिस्त्री आला, कान खाजवला, भिंतीकडे एकदा तिरप्या नजरेने पाहिलं.

"छान," म्हणाला, आणि निघून गेला.

त्या संध्याकाळी मिस्त्रीने, आज दमलात, जा, म्हणून तिला लवकर घरी धाडलं. घरी गेल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. किती थर झाले ते दोनदा सांगितलं. नवरा खुर्चीत, पाठीमागे उशी, हातात चहा.

"सांधा केवढा ठेवलास?"

"भरपूर. माझ्या भिंतीत मालाची कंजुषी नाही."

तो फक्त कपात तोंड घालून हसला, आणि चहा नाकात गेल्यामुळे बराच वेळ खोकला.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी कामावर पोचली. खिडकीखालची भिंत उभी होती. सरळ, सपाट, ओळंब्यात. वहिनी आधी खूश झाली आणि मग तिने हात फिरवला. सांधे बोटाएवढे बारीक. कोपऱ्याच्या विटेला खालून किंचित चिरलेलं, असं चिरून बसवायची सवय एकाच माणसाला होती. तिने घमेल्यांच्या ढिगाशी उभ्या असलेल्या धाकट्या जावेकडे, मिस्त्रीच्या बायकोकडे, पाहिलं. जाऊ लगेच फावडं शोधायला लागली, फावडं तिच्या हातातच होतं.

"काल संध्याकाळी मी घरी गेल्यावर माल कुणी वाहिला?"

"मला विचारू नका, जाऊबाई. मी घमेलं उचललं, तोंड उचकटलं नाही."

"काय झालं होतं तिला?"

"कुणाला?"

"भिंतीला. माझ्या."

जावेने इकडे-तिकडे पाहिलं आणि हळूच सांगून टाकलं. "पोट आलं होतं तिला. माल एवढा घातलेला, आणि वर थरावर थर चढवलेले. खालचा सुकायच्या आधी वरचं वजन आलं. तुम्ही गेलात आणि ती आपली हळूहळू बसायला लागली. हे म्हणाले, वहिनीला कळता कामा नये. वाईट वाटेल."

वहिनीला वाईट वाटलं असतं तर बरं झालं असतं. तिला आला राग. भिंत बिघडली याचा नाही. पहिलीच भिंत, बिघडायचीच. पण जिने आयुष्यभर याच्या घरात भाकरतुकडा केला, याच्या भावाच्या शिव्या खाऊन माल वाहिला, तिला हा माणूस त्या पोरांना म्हणायचा तसं "छान" म्हणाला होता. गवंडी गवंड्याला छान म्हणत नाही. छान पाहुण्याला म्हणतात, जो पंधरवड्यात निघून जाणार आहे आणि परत कधी थापी धरणार नाही.

गोल सुटला, पोरं कामाकडे यायला लागली, तेव्हा वहिनी हातोडी घेऊन खिडकीखाली उभी होती. वरच्या थरावर पहिला ठोका पडला. मिस्त्री धावत आला.

"अहो वहिनी, काय करताय? चांगली भिंत आहे ती."

"चांगली आहे म्हणूनच माझी नाही."

"घरी बोलू आपण."

"घरी कशाला? भिंत घरी आहे का?" दुसरा ठोका. "माझी बिघडली तर मला सांगायचं. माझ्यासमोर पाडायची, दिवसा पाडायची. मी गेल्यावर ताटातला पदार्थ बदलल्यासारखी भिंत बदलायची नाही."

माल अजून ओला होता, विटा भराभर सुटत होत्या. पोरं गोळा झाली. काल टाळ्या वाजवणाऱ्यांना कळेना की ही बाई आपली सुंदर भिंत का फोडते आहे. चष्मेवालीने दुभाषी मुलीची बाही धरली आणि विचारत राहिली. मुलीने मिस्त्रीकडे पाहिलं, शिट्टीवाल्याकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "सांग. जे बोलतेय ते सगळं सांग. तुला पाठ करायला नवीन काहीतरी मिळालं."

मुलीने सांगितलं.

चष्मेवाली आपल्या भिंतीपाशी गेली, सांध्यांवरून बोट फिरवलं, आणि तिथूनच एक प्रश्न विचारला. दुभाषी म्हणाली, "ती विचारते, आमच्यापण?"

मिस्त्री पायाकडे बघत होता. "त्यांना सांग, राग मानू नका."

"सगळ्या?"

"एक सोडून. त्या पलीकडच्या दारामागची. ती एवढी बुटकी होती की कशाला वाकायचं म्हटलं."

ती नेमकी गाजराची निघाली. तो आधी खूश झाला आणि मग त्याला वाकण्याचं कारण सांगितलं गेलं. दोघं-तिघं हसले. एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने त्या भिंतीचे फोटो आईला पाठवले होते. एकजण थापी फेकून शाळेकडे निघून गेला. शिट्टीवाल्याने गाणं सुरू करायचा प्रयत्न केला, पण सूर लागेना, त्याने सोडून दिलं.

जेवणाच्या सुट्टीत शिट्टीवाल्याने मिस्त्रीला आणि दुभाषीला बाजूला घेतलं. वहिनी तिथेच पाण्याच्या पिंपाशी हात धूत राहिली, जरुरीपेक्षा बराच वेळ. त्याचं म्हणणं सरळ होतं. पोरं दुरून आली आहेत. ती आनंदात परत गेली तर पुढच्या वर्षी आणखी येतात, त्यांच्यामुळेच सिमेंट येतं, विटा येतात, दवाखाना उभा राहतो. हे त्यांना कळायची काही गरज नव्हती. या बाईला उद्यापासून कामावर आणू नका.

मिस्त्रीने कानावरची पेन्सिल काढली, मोडली, दोन्ही तुकडे खिशात टाकले. हे काम हातचं गेलं तर उन्हाळाभर दुसरं नव्हतं.

"त्यांना सांग," तो दुभाषीला म्हणाला, "ती बिगारी असती तर काढली असती. वहिनी आहे. तिला कामावरून काढायची तर आधी मला घरातून निघावं लागेल. आणि दुसरं सांग. एक भिंत रोज दोनदा बांधून माझाही खांदा भरून आला आहे. पाडायची तर ज्याची त्याने पाडावी."

हे ऐकून पिंपाशी हात धुणारी पुढे आली. "भावजी, हे काल बोलला असतात तर?"

"तुम्ही काल टाळ्या घेत होता."

हे वहिनीला झोंबलं, आणि झोंबल्यामुळे बरंही वाटलं.

शाळेकडे निघून गेलेला मुलगा दुपारी परत आला. चष्मेवालीने आपल्या भिंतीला ओळंबा लावायला मागितला. दोरीला टांगलेलं ते वजन भिंतीशी कसं धरायचं ते मिस्त्रीने दाखवलं, ते त्याने पहिल्याच दिवशी दाखवायला हवं होतं. त्या दिवसापासून शिबिराची तऱ्हा बदलली. टाळ्या बंद झाल्या असं नाही, पण आधी ओळंबा आणि मग टाळ्या, असं झालं. ओळंबा सुटलेली भिंत ज्याची त्याने उतरवायची, दिवसा, सगळ्यांदेखत. गाजराने दारामागची आपली भिंत स्वतःहून उतरवली आणि पुन्हा रचली, ती पुन्हा वाकडी झाली, पुन्हा उतरवली. विटा खरवडायला बसलेली पोरं आता दमलेली दिसायची, खरी दमलेली. संध्याकाळची गाणी लवकर आटपायला लागली, जो तो गादी शोधायचा.

वहिनीची भिंतही दोनदा उतरली. मिस्त्री आता छान म्हणत नव्हता, पण सरळ बोलायलाही धजत नव्हता. वहिनीला अगं-तुगं कसं करायचं? मग तो हवेत बोलायचा. "कुणीतरी माल अजून जास्त घालतंय." "कुणाच्या तरी विटेची मान वाकडी आहे."

"त्या कुणीतरीला तोंड आहे, भावजी. इकडे बघून बोला."

"तोंड आहे ते सगळ्या गावाला माहीत आहे."

अशा कामाने खोल्या काही पुऱ्या झाल्या नाहीत. शिबिर संपायचा दिवस आला तेव्हा भिंती खिडकीच्या वर जेमतेम गेल्या होत्या. आधीच्या पद्धतीने छतापर्यंत पोचल्या असत्या. शिट्टीवाल्याने शेवटच्या फोटोसाठी सगळ्यांना दवाखान्याच्या जुन्या, पुऱ्या भिंतीपुढे उभं करायला घेतलं. चष्मेवाली हलली नाही. ती अर्ध्या भिंतीपुढे उभी राहिली, गाजर तिच्याजवळ गेला, मग एकेक करून सगळे तिकडे. शिट्टीवाल्याने फोटो काढला आणि दुभाषीकडून वहिनीला निरोप दिला, की त्याला अजूनही तिचं पटलेलं नाही.

"त्याला सांग, मलाही त्याचं पटलेलं नाही. पण संडास छान धुतो."

बस गेली. पिवळ्या मुठींच्या थाप्या पेटीत बंद होऊन बसच्या टपावर गेल्या. गोल नाही, भाषण नाही, ज्याला वाटेल ते काम हातात घ्यायचा नियमही बसबरोबर गेला. आता जे होतं ते नेहमीचं काम, नेहमीचा मिस्त्री, नेहमीची माणसं. वहिनीला हे ठाऊक होतं. खरं काय ते आता होतं. पाहुणे असताना थापी धरणं गंमत म्हणून खपून गेलं होतं.

सकाळी तिने घरात खिळ्याला अडकवलेली नवऱ्याची थापी उतरवली. मूठ काळी पडलेली, पातं झिजून अर्धं झालेलं.

"ती माझी आहे," नवरा खुर्चीतून म्हणाला.

"तुम्ही ती पाठीला लावता का?"

"लोक म्हणतील, नवरा बसला आणि बायको गवंडी झाली."

"नवरा बसलाय हे लोकांना दिसतंच आहे. माझं काय चुकलं त्यात?"

"जड आहे ती. हात भरून येईल तुझा."

"इतकी वर्षं तुमचा माल वाहिला तो हात?"

नवऱ्याने उशी नीट केली, खिडकीकडे पाहिलं. ती दारातून बाहेर पडत होती तेव्हा पाठीमागून म्हणाला, "मूठ ढिली आहे. वीट ठोकताना अंगठा वर ठेव, नाहीतर निसटते." तिने ऐकलं, पण वळून पाहिलं नाही. वळली असती तर तो पुढे आणखी काहीतरी म्हणाला असता.

कामावर जाऊ आणि दोन बिगारी बाया माल कालवत होत्या. वहिनीने चुंबळ घेतली नाही. थापी घेऊन ती सरळ परांचीवर चढली. खाली सगळ्यांचे हात थांबले. मिस्त्री दुसऱ्या कोपऱ्यात उभा होता, त्याच्याबरोबर रोज दुसऱ्या टोकाला काम करणारा त्याचा गडी खाली विडी ओढत होता, तो विडी तोंडात तशीच ठेवून बघत राहिला.

"वहिनी, शिबिर संपलं," मिस्त्री म्हणाला.

"शिबिर संपलं. भिंत कुठे संपली?"

"माल कोण वाहणार मग?"

"तो तुमचा गडी बसलाय की विडी ओढत. त्याला डोकं आहे ना, चुंबळ ठेवण्यापुरतं?"

गडी उठून उभा राहिला. "मी घमेलं डोक्यावर घेणार नाही. बायकांचं काम आहे ते."

"मग हातात घे. कुणी नको म्हटलंय?"

जावेने तोंडावर हात धरला, पण हसू बोटांतून बाहेर आलं. मिस्त्री वळून आपल्या कोपऱ्यातल्या विटा मोजायला लागला. गडी थोडा वेळ त्याच्याकडे बघत थांबला, आणि मग जावेनेच घमेलं भरलं, शिडी चढून आली आणि ते वहिनीच्या पायापाशी ठेवलं. शिगोशीग नव्हतं. बेताचं होतं.

वहिनीने माल पसरला. पातळ पसरला, जिवावर आलं तरी पातळ. वीट ठेवली, अंगठा वर ठेवून ठोकली. दुसरी ठेवली. तिसरी ठेवली तशी मिस्त्री भिंतीच्या कडेने डोळा लावून बघायला लागला.

"वीट बाहेर आलीय," तो म्हणाला. हवेत नाही म्हणाला, तिच्याकडे बघून म्हणाला. "डोळे घरी ठेवून आलीस का? काढ ती. आणि भिंतीच्या पोटात ओढून लाव."

खाली बिगारी बायांनी एकमेकींकडे पाहिलं. वहिनीला अगं-तुगं, तेही दिराने. वहिनीच्या गालाचा स्नायू एकदा हलला.

"डोळे आणलेत," ती म्हणाली, "तुझी बडबड ऐकायला कान आणायचे राहिले." आणि तिने वीट काढली, खरवडली, पुन्हा लावली.

भिंत दोन टोकांनी वर चढत असते. मधे एक दोरी ताणलेली असते, दोन्ही कोपऱ्यांना बांधलेली, आणि तिच्याखाली दोघांनी आपापला थर पुरा करत मधोमध यायचं असतं. थर झाला की दोघांनी दोरी एकदमच वर घ्यायची. एकट्याने घेऊन चालत नाही, ती तिरपी होते. मिस्त्रीचा अर्धा थर केव्हाच झाला होता. त्याने आपल्या टोकाचा खिळा उपटला, एक वीट वर रोवला, आणि थापी हातात धरून तिच्याकडे बघत उभा राहिला. दोरी त्याच्याकडून वर, तिच्याकडून खाली, तिरपी लोंबत होती.

"आटपतंय का?"

"थांब," वहिनी म्हणाली, आणि तिने सावकाश पुढची वीट उचलली.